बरं हाय, सर

आपले बहुतेक देव उंचावर राहतात. जेजुरीला चढावे लागते, सप्तशृंगीला चढावे लागते. आमच्या जुन्नरच्या लेण्याद्रीचा गणपतीही दम लागल्यावाचून दर्शन देत नाही. भीमाशंकरचे मात्र उलटे आहे. मंचर, घोडेगाव, डिंभे करीत एस.टी. सह्याद्रीच्या माथ्यावर आणून सोडते आणि तेथून देवाकडे जायचे ते खाली उतरून. दोनशेहून अधिक पायऱ्या उतराव्यात तेव्हा झाडीच्या खोलगटात ते जुने दगडी देऊळ दिसते. तरुणपणी मला वाटे, हा देव मोठा हिशेबी. जाताना सुख देतो आणि परतताना वसूल करतो. साठी उलटल्यावर कळले की माझाच हिशेब चुकला होता. छातीला चढ जड, पण गुडघ्याला उतार जड. चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाता सगळा भार आवरून धरीत असतो, उतारावर बैलगाडी आवरणाऱ्या गाडीवानासारखा. म्हणून माणसाच्या पायाची खरी परीक्षा घ्यायची असेल तर त्याला चढताना पाहू नये, उतरताना पाहावे.

हे मी अधिकाराने सांगतो आहे असे कोणी समजू नये. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले, एवढीच माझी पुंजी. शिटी कधीच खुंटीला टांगली, पण डोळ्यांची खोड गेली नाही. लोक देवळाच्या पायऱ्यांवर बसून देवाचे नाव घेतात. मी लोकांची चाल पाहत बसतो. हा टाच टेकवीत नाही, ही कमरेतून झुलते, तो कठड्याला धरल्यावाचून पाऊल टाकीत नाही. आणि दर श्रावणात, त्या शेकडो पायांत, एक चाल अशी येते की तिच्याकडे मी पाहत नाही.

तो माणूस पायऱ्यांच्या कडेला बेल-फुले आणि पेढे विकतो. सकाळी बेलाची पाटी घेऊन उतरताना तो आडवा होतो. उजवा पाय आधी खाली, मग डावा त्याच पायरीवर त्याच्या शेजारी; पुन्हा उजवा, पुन्हा डावा. लहान मूल जिना उतरते तसा. मला पाहिले की हातातले टाकून उठतो, चहा मागवतो, पैसे घेऊ देत नाही. कोणाला ओळख करून देताना सांगतो, "हे आमचे पीटीचे सर." तीस वर्षांत आम्ही पाऊसपाणी बोललो, बाळहिरड्याचे भाव बोललो, शेकरू कुठे दिसले ते बोललो. त्या उजव्या गुडघ्याविषयी मात्र एक शब्द बोललो नाही.

१९९४ सालची गोष्ट. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली, भारताने सुवर्णपदक जिंकले आणि आमच्या डोंगराळ पट्ट्यातल्या पोरांना एकाएकी वाटू लागले की आपण मातीत खेळतो तो खेळ जगाने पाहण्यासारखा आहे. त्याहून जवळचे कारण निराळे होते. चांगला कबड्डीपटू पोलिसात लागे, रेल्वेत लागे, बँकेत लागे. ज्या घरात हिरडा विकून वर्षाचे मीठ-मिरची होते, त्या घरात खेळाचे प्रमाणपत्र हा केवळ कागद नसतो. हा पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. चढाईला निघाला की मध्यरेषेवर पाय ठेवतानाच समोरचे सात जण मागे सरत. आणि त्याची खरी करामत वळण्यात होती. डावीकडे जातो असे दाखवून उजव्या पायावर असा गरकन फिरे की पकडणाऱ्याच्या हातात हवा येई.

तालुक्याच्या अंतिम सामन्याच्या पाच आठवडे आधी, सरावात, त्याच वळणावर, त्याच्या गुडघ्यातून आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. मला पलीकडच्या रेषेवर ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. आम्ही त्या काळात जे करीत असू ते केले. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप झाला, शेकून झाले, हाडवैद्याने चोळून झाले. तीन आठवड्यांत सूज उतरली. चौथ्या आठवड्यात तो चालत शाळेत आला, पाचव्यात पळू लागला. सामन्याच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारले, "कसं आहे रे?" तो म्हणाला, "बरं हाय, सर." मी म्हटले, "बरं."

आपल्या भाषेतला हा शब्द मी पुढे पुष्कळ वेळा हाताळून पाहिला आहे. 'बरे' म्हणजे रोगमुक्त. 'बरे' म्हणजे ठीक, फारसे चांगले नाही आणि वाईटही नाही असे. आणि 'बरं' म्हणजे होकार, अनुमती, तुझे म्हणणे मान्य. पोराने पहिल्या अर्थाने म्हणावे आणि वडीलधाऱ्याने तिसऱ्या अर्थाने घ्यावे, अशी सोय दुसऱ्या एखाद्या भाषेत असेलही. पण त्या दिवशी मराठीने ती आम्हा दोघांना करून दिली. त्याच्या एका 'बरं'ला माझे एक 'बरं' मिळाले आणि त्याचा गुडघा कायमचा गेला.

सामन्याच्या उत्तरार्धात तो वळला आणि कोणीही हात न लावता पडला.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्याला समजावले ते असे. गुडघ्याच्या आत दोन बंध एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. त्यातला पुढचा पहिल्या दिवशीच तुटला होता. सांध्याच्या आतला हा बंध तुटला की आपोआप नीट सांधत नाही. पण सूज उतरली की वेदना जाते, आणि सरळ चालताना, सरळ पळतानासुद्धा, तो बंध नसल्याची तक्रार गुडघा क्वचितच करतो. त्याचे काम वळताना, एकदम थांबताना असते. त्या सामन्यात बंध तुटण्यासारखा उरलाच नव्हता. मोकळा गुडघा निसटला आणि त्याने दोन हाडांमधली गादी फाडली. तुटलेल्या बंधाने त्याचा खेळ नेला असता. फाटलेल्या गादीने त्याच्या पायऱ्या नेल्या.

म्हणजे वेदना गेली होती, ही गोष्ट खरी होती. पोरगा खोटे बोलला असे म्हणता येत नाही. बरे वाटणे आणि बरे होणे या दोन निराळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कधी आठवड्यांचे, कधी महिन्यांचे अंतर असते. आज शस्त्रक्रियेने हा बंध नवा बसवता येतो. पण त्यातही निसर्गाची गंमत अशी की बसवलेला नवा दोर पहिल्या काही महिन्यांत आधी दुबळा होतो आणि मग हळूहळू जिवंत होत बळावतो. आणि नेमक्या त्याच दुबळ्या काळात दुखणे थांबलेले असते! ओस्लो आणि डेलावेअर येथल्या संशोधकांनी २०१६ साली अशा खेळाडूंचा मागोवा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवावे, तितके प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरत गेले. एक महिना थांबायचे आणि धोका निम्मा. सावकाराकडे इतका चांगला व्यवहार मिळत नाही.

पण मला येथे वैद्यक सांगायचे नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. पोराने स्वतः सांगितले, मी खेळतो. देह त्याचा होता. मग दोष कोणाचा?

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिले तेव्हा स्वतःच्या देहावर आणि मनावर माणसाचे राज्य सर्वाधिकारी असते, असा त्याचा आशय होता. आगरकरांच्या पिढीने त्याचे विचार पचवले आणि आम्हीही वादविवाद स्पर्धांत ते उत्साहाने मांडले. बरीच वर्षे मी या मिलच्या आडोशाला बसलो होतो. मग केव्हातरी लक्षात आले की त्याने तेथेच एक अपवाद सांगून ठेवला आहे: हे तत्त्व मोठ्या माणसांसाठी, मुलांसाठी नव्हे. आडोसा गेला. पण समजा तो मुलगा पंधराचा नसून पंचवीसचा असता, तर मी सुटलो असतो का? मला तसे वाटत नाही. ज्याची नोकरी त्या प्रमाणपत्रावर, ज्याच्या बापाने सामना पाहण्यासाठी त्या दिवसाची मजुरी सोडलेली, ज्याच्या नावाने गावची पोरे आरोळ्या देत आहेत, त्याला 'खेळणार का' हा प्रश्न विचारणे म्हणजे भुकेल्याला 'जेवणार का' असे विचारण्यापैकी आहे. होकार मिळतो. त्या होकारावर निर्णयाचा भार टाकता येत नाही.

शिवाय आपले संस्कार. जखमी माणसाने लढत राहावे यासारखी दुसरी गोष्ट आपल्याला आवडत नाही. घोडखिंडीतले बाजीप्रभू आणि सिंहगडावर ढाल तुटल्यावरही लढणारा तानाजी या कथांवर आम्ही वाढलो, आणि मीही मैदानावर त्याच सांगत असे. त्यात चूक एकच होती. बाजीप्रभूंना दुसऱ्या दिवशी सरावाला यायचे नव्हते. विशाळगडावर राजा पोहोचावा यासाठी देह खर्च करणे निराळे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात एक पितळी ढाल यावी यासाठी दुसऱ्याच्या पोराचा देह खर्च करणे निराळे. शौर्याची किंमत ज्याने द्यायची त्याने ठरवावी, हे ठीक. पण आमच्यासारखे कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे ती फार स्वस्तात ठरवतात.

यात आणखी एक विषमता आहे आणि तिचा मला राग येतो. सचिन तेंडुलकरचे कोपर दुखू लागले तेव्हा सारा देश त्याच्या कोपराविषयी बोलू लागला. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली; तो मैदानाबाहेर राहिला आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून परतला. तो त्याच्या धीराचा भाग होताच. पण त्याला 'थांब' म्हणणारी माणसे होती, डॉक्टर होते, व्यायाम करून घेणारे होते. आमच्या खाशाबा जाधवांच्या वाट्याला यातले काय होते? १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले आणि १९५६ च्या मेलबर्नच्या आधी गुडघ्याने दगा दिला. जितका खेळाडू मोठा तितके त्याला थांबवणारे अधिक, आणि जितका लहान तितका त्याला 'बरं' म्हणणारा एकटा. माझ्या पोराला मी एकटाच होतो.

आता या सगळ्यावर कोणी म्हणेल, मग निजवून ठेवावे. घरोघरी तेच होते. आमच्या आया पाय मुरगळला की खाटेवरून उठू देत नसत. हीही चूकच. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून पाहिले. त्यांची दमाची ताकद चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयाने जितके नेले नव्हते, तितके त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेले होते. आणि ज्या अमेरिकन डॉक्टरने १९७८ साली विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंचावर हा मंत्र जगाला दिला, त्या मर्किनने स्वतःच २०१४ साली लिहिले की बर्फ आणि पुरी विश्रांती कदाचित बरे होण्याला उशीरच लावतात. आपले मत छापून मागे घेणाऱ्या माणसाविषयी मला नेहमी आदर वाटतो. स्नायू, बंध, हाडे ही भार सोसूनच बळावतात. भार नाही तर बळ नाही. भार अधिक तर पुन्हा मोड. मधली वाट काढायची, आणि ती रोज नव्याने.

ही वाट मी शिकलो ती फार उशिरा, आणि ज्याच्यासाठी शिकायला हवी होती त्याच्यासाठी नाही.

२०२४ च्या श्रावणात मी पायऱ्यांवर चहा पीत बसलो होतो. त्याने मुलीला पुढे केले. पंधरा वर्षांची, आश्रमशाळेत शिकणारी, तीन हजार मीटर पळणारी. त्याच महिन्यात पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम शर्यत अविनाश साबळेने पळली होती. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा; त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय पुरुष. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचे वर्तमानपत्रातले चित्र चिकटवलेले होते. पावसात पायऱ्यांवरून बेलाची पाटी आणताना तिचा घोटा आतल्या बाजूला मुरगळला होता. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढून हाड शाबूत असल्याचे सांगितले होते. सूज उतरत आली होती. पाच आठवड्यांनी जिल्ह्याची स्पर्धा होती.

"सर," तो म्हणाला, "तुमी सांगा. पळू द्यायचं का नाय."

तीस वर्षांनी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन माझ्यासमोर उभा होता. यात त्याचा काही हेतू असेल असे मला वाटले नाही. अजूनही वाटत नाही. त्याच्या ओळखीत पीटीचा दुसरा कोणी सर नव्हता, इतकेच. मी तिला विचारले, "कसं आहे बाळ?" उत्तर काय येणार हे मला ठाऊक होते.

"बरं हाय, सर."

या वेळी मी 'बरं' म्हटले नाही. डॉक्टरांशी बोलून घेतले आणि तिला त्याच देवळाच्या पायऱ्यांवर कामाला लावले. पहिल्या आठवड्यात पायरीच्या कडेवर पंजे ठेवून टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर, मग एका. एका पायावर उभे राहणे. ते जमले की डोळे मिटून. येथे तिला हसू आले आणि मग राग आला, कारण चांगल्या पायावर ती बगळ्यासारखी उभी राही आणि मुरगळलेल्या पायावर पाच मोजायच्या आत डुलू लागे. मुरगळताना केवळ बंध ताणला जात नाही; पाऊल कसे पडले आहे याची मेंदूला पोहोचणारी बातमीही अडखळते. ती बातमी पुन्हा शिकवावी लागते. १९६५ सालापासून हे ठाऊक आहे. आम्हाला पीटीच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर चालणे-पळणे आलटून पालटून. व्यायाम करताना किंचित दुखले तर चालेल, असे मी तिला सांगितले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर घोटा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला किंवा आखडलेला असेल तर आदल्या दिवशी आपण जास्त केले, एक पायरी मागे. ती रोज सकाळी बापाच्या मोबाइलवरून मला कळवी. कधी "कालच्यासारखा", कधी "जरा जड". मला वाटते, त्या मुलीने आयुष्यात प्रथमच कोणाला 'बरं हाय'खेरीज काही उत्तर दिले असेल.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मी वर गेलो. सरळ पळून दाखवले, सुंदर पळाली. एका पायावर उड्या मारल्या, दोन्हीकडे जवळजवळ सारख्या. बाप आनंदला. मी खडूने जमिनीवर नागमोडी खुणा केल्या आणि म्हटले, "आता वळून दाखव."

तिसऱ्या खुणेला तिने पाऊल टाकले आणि अर्ध्यात आवरले. पडली नाही. दुखले असेही म्हणाली नाही. पायाने स्वतःच नकार दिला होता. पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. मी म्हटले, या वर्षी नाही.

ती जे म्हणाली ते मी येथे जसेच्या तसे देतो, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. "आमच्या बाबांना बरं खेळू दिलंत तुमी!"

लहान मुलांना घरात काय काय ठाऊक असते! तिला ती गोष्ट अभिमानाची म्हणून सांगितलेली होती: बाबा मोडक्या पायाने अंतिम सामना खेळले. तिच्या लेखी मी तिच्या बापाला शूर होऊ दिले होते आणि तिला होऊ देत नव्हतो. मला उत्तर सुचेना. कबुली द्यायची म्हणजे तिच्या बापाच्या शौर्याला खोटे ठरवायचे. गप्प राहायचे म्हणजे तीस वर्षांचे मौन आणखी एका पिढीवर टाकायचे. मी एवढेच म्हणालो, "तेव्हा मी तुझ्या बाबांना पळायला लावलं, उड्या मारायला लावल्या. वळायला लावलं नाही."

खरे ते हेच. १९९४ च्या त्या संध्याकाळी मी त्याला मैदानाच्या लांबीने दहा वेळा पळवले होते. ज्याचा सारा खेळ वळण्यात होता, त्याला एकदाही वळवले नव्हते. विसरलो, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगितले. विसरलो नव्हतो. वळवले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मला उत्तर नको होते, ढाल हवी होती.

मुलगी पाय आपटीत पायऱ्या चढून गेली. बाप तेथेच बसला होता. बेलाची पाने वेगळी करता करता, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "सर, तवा वळायला लावलं असतं तर मी पडलोच असतो. मला ठाव हुतं. म्हनून तर तुमच्या म्होरं सरळच पळत व्हतो दोन दिस."

म्हणजे त्यालाही ठाऊक होते. त्याने लपवले आणि मी पाहिले नाही. दोघांनी मिळून एक खोटे वाहून नेले, पालखीसारखे, पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर आणि मागचा माझ्या. हे ऐकून मला हलके वाटायला हवे होते. अर्धा दोष तोच उचलीत होता. पण दोन खोट्यांचे वजन सारखे नसते, असे माझे मत आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने दुखणे लपवणे ही त्याची आशा होती. चाळिशीच्या शिक्षकाने ते न शोधणे ही त्याची सोय होती. आशेला क्षमा मागावी लागत नाही. मी त्याला तसे सांगितले; शब्द वेगळे होते, अडखळत होते. तो 'असू द्या' म्हणाला, आणि चहा सांगितला. त्या दिवशी चहाचे पैसे त्याने घेऊ दिले. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून उमगलेले नाही.

मुलगी माझ्याशी तीन महिने बोलली नाही. या रागाला मी नावे ठेवीत नाही. मी तिचे एक वर्ष घेतले होते. आणि ते घेतले नसते तर घोटा पुन्हा मुरगळलाच असता, हे मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित ती पळाली असती आणि जिंकलीही असती. थांबवणाऱ्याची हीच अडचण आहे. खेळू देणाऱ्याची चूक तीस वर्षे पायऱ्यांवर लंगडत दिसते. थांबवणाऱ्याचे बरोबर असणे कधीच कोणाला दिसत नाही. न घडलेल्या दुखापतीचे कोणी आभार मानीत नाही, आणि मानावेत कसे? मला खात्री असती तर ते कर्तव्य सोपे झाले असते. खात्री नसताना, त्या मुलीच्या डोळ्यांतला राग सोसून, नाही म्हणणे एवढेच माझ्या हातात होते. मिलसाहेबांनी मुलांचा अपवाद सांगितला, पण त्या अपवादाचे ओझे किती असते ते सांगायचे राहिले असावे.

संक्रांतीला तिचा बाप घोडेगावला तिळगूळ घेऊन आला. सोबत ती होती. म्हणाली, सकाळचा घोटा आता रोज 'कालच्यासारखा' असतो, आणि खडूच्या खुणा ती स्वतःच करते.

११ जुलै २०२५ ला मोनॅकोच्या शर्यतीत अविनाश साबळे पडला. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. त्यातल्या एका पाण्याच्या उडीने घात केला. गुडघ्याचा तोच पुढचा बंध, आणि गादीही. शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकिओची जागतिक स्पर्धा गेली. बातमी आली त्या रात्री मोबाइल वाजला.

"सर, साबळेंचं कळलं का?"

"कळलं."

"बाबांचं झालेलं तेच ना?"

"तेच."

पलीकडे थोडा वेळ पावसाचा आवाज येत होता. भीमाशंकरला आषाढात दुसरा आवाज नसतोच. मग ती म्हणाली, "पळायला कधी देतील?"

मी तिला ठाऊक होते तेवढे सांगितले. आधी पाय पुरा सरळ करणे, मग मांडीची ताकद, मग चालणे, मग सपाटीवर सरळ पळणे. नऊ महिने तरी, कदाचित अधिक.

"आन् वळायला?"

"त्याच्याही नंतर."

"बरं," ती म्हणाली. तो कोणत्या अर्थाचा 'बरं' होता ते मी विचारले नाही. मग तिने आपली अडचण सांगितली. पुढच्या महिन्यात तालुक्याची निवड होती, घोटा ठीक होता, पण उताराचा सराव करायचा तर पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. बाबा म्हणतात उतर, आई म्हणते नको. मी तिला म्हटले, चार दिवस ऊन पडू दे, आणि बाबांना सांग, मी रविवारच्या एस.टी.ने येतो आहे.